पाच रेघांची सामाईक वही

भिवंडीची ओळख विचारली तर लोक यंत्रमाग सांगतात, अलीकडे गोदामेही सांगू लागले आहेत. या गावात जॅझ संगीताच्या चालींची पाने तयार होत असतील असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नाही. आम्ही चौघे मात्र गेली काही वर्षे तेच करीत आहोत. चौघेही एकाच गायनवृंदातले. माग बंद असतात त्या संध्याकाळी आम्ही जमतो, कारण एरवी खिडकीतून येणारी खटखट आपलाच ताल लादते आणि जॅझचा ताल काही तितका सरळ नसतो.

आमचे काम नकलनविसाचे आहे. जुन्या चाली पाच रेघांच्या स्वरलिपीत संगणकावर उतरवायच्या, वर कॉर्डची नावे मांडायची आणि ते पान जगभरच्या वादकांनी मिळून चालवलेल्या एका संग्रहात ठेवायचे. या संग्रहाला ओपन सोर्स म्हणतात. त्याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. छापील पानासोबत ते पान ज्या मजकुरातून तयार झाले तो मजकूरही सर्वांसाठी खुला असतो. कोणीही त्यात दुरुस्ती सुचवावी. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते आणि जुने रूप पुसले जात नाही. यासाठी आम्ही ‘लिलीपाँड’ ही आज्ञावली वापरतो. १९९६ साली हॉलंडमधील दोघा तरुण वादकांनी ती सुरू केली. तिच्यात सूर चक्क अक्षरांनी लिहावे लागतात आणि ती अक्षरे पोर्तुगीज पद्धतीची, म्हणजे दो-रे-मि अशीही ठेवता येतात. गोव्याच्या पॅरिश शाळेत सोल्फेज घोकलेल्या पिढीला हे पाहून किती गंमत वाटली असती!

त्या पिढीमुळेच आम्ही या कामाकडे वळलो. गोव्यातील पॅरिश शाळांनी मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली आणि त्या विद्येच्या बळावर ती माणसे मुंबईच्या हॉटेलांत व पुढे चित्रपटांच्या स्टुडिओंत पोहोचली. हळदोण्याचे आन्तोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा मोठा हातभार होता. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ लिहीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या त्या प्रसिद्ध गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले, परंतु ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? या मंडळींनी रात्र-रात्र बसून वाद्यांची पाने लिहिली. ध्वनिमुद्रण संपले की त्या पानांचे काम संपे. ती जपण्याची रीत नव्हती. बहुतेक पाने नाहीशी झाली. आज तबकडी ऐकून ते सूर पुन्हा लिहून काढावे लागतात.

जॅझवाल्यांनी स्वतःसाठी वही केली नाही असे नव्हे. १९७० च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेला ‘द रिअल बुक’ हा संग्रह काढला. तो जगभर झेरॉक्स होऊन फिरला, पण हक्कदारांची परवानगी न घेता. त्याची कायदेशीर आवृत्ती निघायला २००४ साल उजाडले. आमच्या संग्रहात ती पळवाट चालत नाही, म्हणून निम्मा वेळ कायदा वाचण्यात जातो. आपल्याकडे १९९२ च्या दुरुस्तीपासून संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. अमेरिकेत जुन्या रचनांचा हिशेब प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांचा. गर्शविन १९३७ साली वारले, त्यामुळे त्यांच्या ‘समरटाइम’ची चाल (१९३५) भारतात केव्हाच मोकळी झाली, अमेरिकेत ती २०३१ च्या जानेवारीपर्यंत बांधलेली आहे. एकच चाल एका किनाऱ्यावर सर्वांची आणि दुसऱ्या किनाऱ्यावर मालकाची! संग्रह साऱ्या जगाचा असल्याने आम्ही दोन्हीकडे मोकळ्या झालेल्या चालीच घेतो. जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ (१८९९) आणि हँडींचा ‘सेंट लुईस ब्लूज’ (१९१४) यांना हरकत नाही.

खरा पेच घरातल्या वहीने आणला. मुंबईचे भाडे परवडेना म्हणून भिवंडीत येऊन राहिलेले एक ट्रम्पेटवादक काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना आंटी म्हणतो, लोखंडी ट्रंकेतून एक वही काढून दिली. शाई फिकटलेली, रेघा हाताने आखलेल्या. बहुतेक पाने इतरांच्या चालींची होती; ती आम्हांला घेता येणार नव्हती. शेवटी तीन चाली त्यांच्या स्वतःच्या निघाल्या. त्यांचा हक्क आता आंटींचा आणि मुलांचा.

आम्ही परवान्याचा मजकूर मराठीत सांगितला. आंटींनी एकच विचारले, “एकदा दिले की परत मागता येत नाही, होय ना?” येत नाही. कोणीही ती वाजवील, बदलील, त्यांच्या नावाचा उल्लेख करून छापील. मुलाला उद्या वाटले तरी दार बंद होणार नाही. आमच्यातील एकाचे मत असे पडले, की इतक्या वृद्ध बाईंकडून असे काही लिहून घेऊच नये. दुसऱ्याने भातखंड्यांचे उदाहरण दिले: घराण्यांच्या पेटाऱ्यांतील चिजा त्यांनी छापल्या नसत्या तर आज आपल्या हाती काय असते? दोघांचेही खरे होते. आम्ही कागद आंटींपाशी ठेवून आलो आणि महिनाभर तो विषय काढला नाही.

महिन्याने त्यांनीच बोलावले. मुलांच्या सह्या आणवल्या होत्या. दोन चाली दिल्या. तिसऱ्या पानावर हात ठेवून म्हणाल्या, “ही राहू द्या.” आम्ही कारण विचारले नाही.

दोन चाली संग्रहात गेल्या. काही आठवड्यांतच कोठल्याशा दूरच्या वादकाने पहिल्या चालीच्या अकराव्या मापात दुरुस्ती सुचवली. कॉर्ड दो मेजरचा, मग वर ‘मि’ बेमोल कसा? नकलताना चूक झाली असावी, असे त्याचे म्हणणे. व्याकरणाने ते बरोबरच होते. दुसऱ्या एका सहकाऱ्याने त्याला दुजोराही दिला आणि बदल मान्य होऊन बसला. आम्ही वही पाहिली; बेमोलची खूण स्पष्ट होती. तरीही लिहिणाऱ्याचाच हात चुकला नसेल कशावरून? आंटींना ते माप दोन्ही प्रकारे पेटीवर वाजवून दाखवले. पहिल्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी, बेमोल लागताच, त्यांनी पुढची चार मापे गुणगुणली.

आम्ही ‘मि’ बेमोल परत लावला. बदलाचे कारण लिहायच्या ओळीत लिहिले: वहीत असेच आहे, आणि पत्नीच्या स्मरणातही असेच आहे. त्या वादकाने ते मान्य केले व तिसरी चाल केव्हा येणार असे विचारले. ती ट्रंकेत आहे.