विषाला पाटी हवी

शनिवार, २६ जुलै २०२५

श्रावणातला पहिला शनिवार. सोनईतून शनिशिंगणापूरकडे पहाटेपासून गाड्यांची रीघ आहे. रस्त्याकडेला तेल, काळे उडीद आणि रुईच्या पानांच्या माळा. माळा ओवणाऱ्या मावशींना विचारलं, चीक त्रास देत नाही का? म्हणाल्या, "हात डोळ्याला लावायचा नाही, सर. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

खरं आहे. रुईचा चीक बुबुळाला इजा करतो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो आणि मग अंधुक दिसू लागतं. हे शहाणपण माळ ओवणारीकडे आहे. माळ घेऊन लेकराच्या हाती देणाऱ्या भाविकाकडे नाही.

सोमवार, २८ जुलै

महादेवाला धोतऱ्याची फुलं आणि काटेरी फळं वाहिलेली. या फळातल्या बिया पोटात गेल्या की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमात बडबडतो. वर्गात विचारलं, आपल्या गावात विषारी झाड कुठे आहे? मुलांनी दूरच्या जंगलांची नावं घेतली. त्यांना कुंपणाशी नेलं. पिवळी बिट्टी, जिची बी हृदयाची लय बिघडवते. पलीकडे मोगली एरंड. शेंगदाण्यासारख्या चवीच्या त्याच्या बिया खाऊन उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात गेलेल्या शाळकरी मुलांच्या बातम्या दरवर्षी येतात.

इंग्लंडमध्ये अ‍ॅनिक या गावी २००५ पासून विषारी झाडांची बाग आहे. काळ्या लोखंडी दारावर कवटीचं चित्र, आत शंभराच्या आसपास वनस्पती. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. हात लावणं, हुंगणं, चाखणं मना. तिथे लोक तिकीट काढून एरंड बघतात. आपल्याकडे तो बांधावर उभा आहे, पण त्याच्याबद्दल सांगणारं कोणी नाही.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. बायका वारुळाला जाऊन आल्या. पूर्वी आजच्या दिवशी गारुडी दारोदार यायचे. टोपलीतल्या नागाचे दात काढलेले, कधी तोंड शिवलेलं, त्याला दिवसचे दिवस पाण्याविना ठेवलेलं. तहानेने तो दुधात तोंड घाली, आणि दूध त्याला पचत नाही. लोक त्यालाच श्रद्धेचा चमत्कार समजत.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा, मिरवणूक आणि स्पर्धा होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन उच्च न्यायालयाने ते थांबवलं. यंदा केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली आहे. ती शिक्षणासाठी, खेळासाठी नाही. शिराळकरांचं नागावरचं प्रेम खोटं नाही. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला गर्दीत फणा काढायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

गुरुवार, ३१ जुलै

एका मुलाने मोबाइलवर चित्रफीत दाखवली: हातात नाग, समोर टाळ्या. अशा कसरतींत सर्पमित्रांचे जीव गेले आहेत. मुलांना नीलिमकुमार खैरे यांची गोष्ट सांगितली. १९८० मध्ये पुण्यात ७२ सापांसोबत, बहुतेक विषारी, ते काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पण ते थरारावरच थांबले नाहीत. १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं.

तिथे काचेपलीकडे जे शिकता येतं ते पुस्तकात कठीण. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक, डोक्याकडे पुसट. बिनविषारी कवड्याचे नेमके उलट. घोणस आणि डुरक्या यांच्यातली गल्लत तर रोजची. त्यात डुरक्या बिचारा मारला जातो आणि घोणशीला कोणी अजगराचं पिल्लू समजून उचलतो.

शनिवार, २ ऑगस्ट

एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली. बहुतेक गावातली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतील, पाचटाच्या कोप्यांत जमिनीवर झोपतील. मण्यार रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. "पान लागलं", म्हणजे साप चावला, म्हणून माणसाला मारुतीच्या पारावर नेण्यात मोलाचे तास जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं.

म्हणून शाळेत विषाचं प्रदर्शन मांडायचं ठरलं, पण साप पकडून आणायचे नाहीत. या चार सापांची मोठी रंगीत चित्रं, शेजारी त्यांचे बिनविषारी सोबती. कुंपणावरच्या प्रत्येक विषारी झाडाला पाटी: नाव, कोणता भाग घातक, खाल्लं तर काय करायचं. चित्रांचा एक संच कोप्यांच्या वस्तीवर लावायचा, आणि मुलांनीच तो टोळीतल्या लोकांना समजावून सांगायचा. विषाचं प्रदर्शन मांडायचंच असेल तर ते असं मांडावं: बघणारा घरी जाताना भीती किंवा फुशारकी नाही, उपाय घेऊन जाईल, आणि बघितला जाणारा जीव आपल्या बिळात सुखरूप राहील. पहिली पाटी सोमवारी बिट्टीला लागेल.