खाऱ्या दर्यातलं गोडं पाणी

२०१३ साल. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून अभिलाष टॉमी एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण करत होते. त्या सफरीत त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं. चहूकडे समुद्र आणि प्यायला मोजकंच पाणी!

नौकेसाठी खारं पाणी गोडं करणारं यंत्र निवडताना हा प्रसंग आठवायलाच हवा.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवून पाणी यंत्रातल्या गाळणीसारख्या पटलापलीकडे ढकलायला हवेच्या दाबाच्या ५०-६० पट दाब लागतो. म्हणून यंत्र तासाला किती लिटर देतं यापेक्षा लिटरमागे किती वीज खातं, हे आधी विचारायचं. बाहेर जाणाऱ्या खारट पाण्यातला दाब पुन्हा वापरणारी यंत्रं महाग, पण १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि सौर पॅनेलच्या आधाराने चालतात. साधा उच्चदाबाचा पंप दुरुस्तीला सोपा. त्याला मात्र बहुधा जनरेटरची जोड लागते.

तेल आणि क्लोरीन हे पटलाचे वैरी. त्यामुळे बंदरातल्या तेलकट पाण्यात यंत्र बंदच ठेवायचं, आणि क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने ते धुवायचं तर आधी कार्बन फिल्टर लावायचा.

एवढं करूनही सगळी भिस्त यंत्रावर ठेवणं धोक्याचं. टाक्या एकापेक्षा जास्त आणि एकमेकींपासून तोडलेल्या हव्यात. सुटे फिल्टर, पाऊस धरायला ताडपत्री आणि हाताने चालणारं छोटं यंत्रही सोबत हवं. ते तासाला जेमतेम लिटरभर पाणी देतं. नौका सोडावी लागली, तर तराफ्यावर तेवढ्यावर माणूस तगतो.