हाड की यू यू?

मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लाइट चालू असायचा. वॉचमन काकांना वाटायचं, पोरं अभ्यास करतायत. अभ्यास कसला! आमचं चाललं होतं कुत्र्याच्या बिस्किटांचं बारसं.

त्याचं असं झालं, बाबांचा कारखाना बंद पडला. आई दिवाळीला चकली-चिवड्याच्या ऑर्डरी घ्यायची. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते आणि हॉस्टेलचं मेसबिल दर महिन्याला! एकदा शेजारच्या काकूंच्या लॅब्रॅडॉरसाठी तिने सहज नाचणी, लाल भोपळा आणि अंडं घालून बिस्किटं भाजली. दुसऱ्या दिवशी तो पठ्ठ्या आमच्या दारात येऊन बसला. काकूंच्या ओळखीने ऑर्डरी सुरू झाल्या आणि आईचा फोन आला, "पाकिटावर नाव पाहिजे म्हणतात. तू इंजिनिअर होणार ना? मग शोध एखादं."

झालं! रूमवर कमिटी बसली. कुणीतरी माहिती काढली, की १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली आणि त्यांना स्वतःचंच नाव दिलं. आईला विचारलं, तर म्हणाली, "कुत्र्याच्या बिस्किटावर माझं नाव? तुझी आजी काय म्हणेल!" तो विषय तिथेच संपला.

मग एक झकास इंग्रजी नाव ठरलं. मी लगेच डिझाइन करून ५०० लेबलं छापून घेतली. दीड हजार रुपये गेले. नंतर सरकारी ट्रेडमार्क साइटवर सहज शोध घेतला, तर ते नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं! आपण खातो ती बिस्किटं वर्ग ३० मध्ये आणि जनावरांचं खाणं वर्ग ३१ मध्ये येतं, हेही तेव्हाच कळलं. शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. मी फक्त क्रम उलटा केला होता: आधी छपाई, मग शोध. व्हायवाला सर डोक्याला हात लावतात ना, तसा मी लावला. आई मात्र एवढंच म्हणाली, "असू दे, मागच्या बाजूला हिशोब लिहीन." तिचं ते "असू दे" मला दीड हजारांपेक्षा जास्त लागलं.

मग सिव्हिलच्या मित्राला साक्षात्कार झाला. "बिस्किटाचा आकार हाडाचा ना? मग नाव 'हाड'!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई फोनवर म्हणाली, "अरे, ज्या शब्दाने हाकलतो, त्याच शब्दाने खायला बोलवायचं?"

पुढच्या रविवारी ती डबा घेऊन स्वतःच आली. आमच्या हॉस्टेलची कुत्री 'एटीकेटी' (हॉस्टेल सोडतच नाही, म्हणून हे नाव!) मेसच्या पायरीवर पडली होती. आतून कुणीतरी ओरडलं, "हाड!" शेपूट पायात घालून ती उठली. आई खाली बसली आणि म्हणाली, "यू यू यू..." एटीकेटीचे कान उभे राहिले. ती वळली, हळूहळू जवळ आली आणि बिस्किट हातातून घेतलं. लखनौचा माझा रूम पार्टनर विचारतो, "आंटी, कुत्ते को अंग्रेजी में क्यों बुला रही हैं?" आम्ही हसून लोटपोट! पण नाव सापडलं होतं: 'यू यू'.

आता राहिली टॅगलाइन. मी लिहिलं, 'डॉक्टरांची पहिली पसंती!' आईने विचारलं, "कुठल्या डॉक्टरांची?" म्हटलं, "असंच लिहितात सगळे." खरं तर गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला फक्त काय घालायचं नाही ते सांगितलं होतं: चॉकलेट, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल नावाची साखरेसारखी गोडी. शिवाय खाऊ हा दिवसभराच्या खाण्याचा फार तर दहावा हिस्सा असावा, हेही सांगितलं होतं. आई म्हणाली, "मग तेवढंच लिही. कुत्र्याला वाचता येत नाही, म्हणून आपण काहीही लिहायचं का?"

मी गप्प. चार वर्षं आपण रीडिंग 'अ‍ॅडजस्ट' करून जर्नल पूर्ण करतो, हे त्या क्षणी का आठवलं, कुणास ठाऊक!

आता पाकिटावर पुढे लिहिलंय, 'यू यू. हाड म्हणू नका, यू यू म्हणा!' आणि मागे, 'साखर नाही, मीठ नाही. हा खाऊ आहे, जेवण नाही.' या वेळी आधी शोध घेतला, मग ४,५०० रुपये भरून आईच्या नावाने अर्ज केला आणि लेबलं सगळ्यात शेवटी छापली, तीही फक्त १००. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. खप म्हणाल, तर महिन्याचं मेसबिल कसंबसं निघतं.

जुनी लेबलं आईने खरंच जपून ठेवली आहेत. प्रत्येकाच्या मागे तिच्या अक्षरात नाचणीचा, अंड्यांचा आणि माझ्या फीचा हिशोब असतो.

आणि एटीकेटी? मेसच्या पायरीवरच असते. येता-जाता तिला एकदा हाक मारून बघा. काय म्हणायचं, ते तुम्हाला माहीत आहेच!