तिसरी तार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमची सोसायटी आता पुनर्विकासाला जातेय, म्हणून परवा पंप रूममधलं सामान काढायला गेलो आणि २००७चा जून आठवला.

मुलुंड पूर्वेला आमच्या दोन विंग. पंप ए विंगच्या तळाशी, आणि सारखी ओसंडून वाहणारी टाकी बी विंगच्या गच्चीवर. टाकीत पाणी किती ते पंपापाशी कळावं म्हणून मी आरएस-४८५वर एक छोटी यंत्रणा करायचं ठरवलं. मीटिंगमध्ये ऐटीत सांगितलं, "दोन तारांत काम होईल." मागच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले, "तीन टाक रे. परतीची वाट लागतेच." बाबांचा जन्म वायरमनच्या कामात गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, हे लाइटचं कनेक्शन नाही. तुम्हाला यातलं कळत नाही." ते गप्प बसले.

माझा हिशेब सोपा होता. १९८३ साली आलेल्या या पद्धतीत दोन तारांमधला फरक वाचतात. फरकच बघायचाय, तर दोन्ही टोकांचा शून्य एक कशाला हवा? पण चिप त्या तारा स्वतःच्या शून्यावरून बघते, आणि त्या उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असतील तरच नीट वाचायची हमी असते. फार बाहेर गेल्या तर ती जळते.

पहिली चिप आठवड्यात गेली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली दुसरीही गेली. एका रात्री चुकीचं रीडिंग आलं, पंप लागलाच नाही, आणि सकाळी बी विंग कोरडी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन जिना चढताना दिसल्या. मान खाली घालून मी मीटर काढला.

गच्चीवरून आलेल्या तारा सोडवल्या आणि माझ्या बोर्डाच्या मायनसपासून मोजलं. एसीवर ८० व्होल्टच्या आसपास! दोन्हीकडे दोन पिनांचे अडॅप्टर, अर्थिंग कुठेच नाही. अडॅप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून मेन्सचा किंचित करंट पलीकडे झिरपतो आणि बोर्ड अधांतरी तरंगत राहतो. त्या करंटला परतायला डेटाच्या ताराच उरल्या होत्या.

आता पुन्हा तार ओढायची म्हणून पाइपाचं तोंड उघडलं, तर आत टेप लावून गुंडाळलेली हिरवी तार. वायरिंग करणारा पोरगा म्हणाला, "काकांनीच सांगितलं होतं, ओढून ठेव, लागेल."

१०० ओहमचा रेझिस्टर घालून दोन्ही मायनस त्या तारेने जोडले. मीटर जवळजवळ शून्यावर आला.

तिसरी तार हा सगळीकडचा इलाज नाही, हे नंतर कळलं. दोन्ही टोकांना आपापलं अर्थिंग असेल, तर दोन जमिनींमधला करंट त्याच तारेतून धावतो. तिथे ऑप्टोकपलर लावायचा, म्हणजे निरोप उजेडाने पलीकडे जातो आणि वीज अलीकडेच राहते. एक तर नीट जोडा, नाहीतर पूर्ण तोडा. अधांतरी सोडू नका.

त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणालो, "बाबा, चाललं." ते म्हणाले, "हात धू, चहा ठेवलाय." हिरव्या तारेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. मीटिंगमधल्या त्या वाक्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. बाबा २०१४ साली गेले.

परवा त्या तारेचा वीतभर तुकडा कापून आणलाय. टेबलाच्या खणात ठेवलाय.