एकट्याला झेपेल एवढंच घर

"निवृत्त झाल्यावर काय करणार?" हा प्रश्न गेली दोन वर्षं जो भेटेल तो विचारत होता. आता आमचं उत्तर ऐकलं की लोकांना पुढे काय बोलावं ते सुचत नाही. आम्ही १३ फुटी ट्रेलर घेतलाय. गाडीच्या मागे जोडायचा, रानात नेऊन उभा करायचा आणि त्यातच राहायचं. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, एवढं मोठं घर सोडून डबड्यात राहायला जायचं म्हणजे..." आणि गप्प बसला. मावशीने एकच विचारलं, "आत संडास आहे का गं?"

मंडळी, दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही ओहायोत राहतो, कोलंबसपासून जवळच. तंबूतलं कॅम्पिंग आम्ही मुलं लहान असल्यापासून करत आलोय. पण साठी ओलांडल्यावर जमिनीवरून उठणं हा एक कार्यक्रमच होऊन बसतो. आधी एका कुशीवर, मग गुडघ्यावर, मग कशाला तरी धरून... त्यात २०२३ मध्ये नवऱ्याच्या हृदयाला स्टेंट बसला. तंबू बंद. पण रानातली सकाळ सोडवत नव्हती, म्हणून ट्रेलरचा विचार सुरू झाला.

तेव्हा आमच्या गल्लीतला एक ट्रेलर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. २६ फुटी, देखणा. शेजारच्या काकांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेला. काका गेले आणि तो ट्रेलर दोन उन्हाळे तसाच ड्राइव्हवेवर उभा राहिला. काकूंना भटकायची आवड काकांपेक्षाही जास्त, पण तो गाडीला जोडायचा कसा, मागे कसा घ्यायचा, पाणी कुठून सोडायचं, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबरच गेलं. तिसऱ्या वर्षी काकूंनी तो विकून टाकला. ज्या दिवशी नेला त्या दिवशी त्या खिडकीत उभ्या होत्या.

मी नवऱ्याला म्हटलं, आपण जो घेऊ तो दोघांपैकी कोणालाही एकट्याने नेता आला पाहिजे. तो म्हणाला, "म्हणजे मी गेल्यावर तू कॅम्पिंगला जाणार?" मी म्हटलं, "आणि मी गेल्यावर तू काय घरात बसून राहणार?" त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून कागद-पेन घेऊन आला. वरती शीर्षक लिहिलं: 'एकट्याने'. आमची सगळी खरेदी त्या एका शब्दावरून झाली.

आधी बघितले ते उघडून उभे करायचे तंबूवाले ट्रेलर. हलके आणि स्वस्त. पण भर पावसात एकट्याने उघडायचा म्हणजे कसरतच. शिवाय यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडमध्ये अस्वलांमुळे फक्त टणक भिंतीच्या गाड्या आणि ट्रेलर चालतात, कापडाच्या भिंतीचे नाहीत. तो बाद. मग थेंबाच्या आकाराचे 'टीअरड्रॉप'. आत फक्त झोपायची जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर. गोजिरवाणे! पण आत ताठ उभं राहता येत नाही. दिवसभर पाऊस लागला तर काय, पडून राहायचं? तोही बाद.

एअरस्ट्रीमचा मोह मात्र दोघांनाही पडला. ती कंपनी आमच्याच राज्यात, जॅक्सन सेंटरला. तो चकचकीत ॲल्युमिनियमचा गोल आकार बघून कोणीही हरखून जाईल. पण त्यांच्यातला छोटा बँबीसुद्धा रिकामा असतानाच साधारण ३००० पौंडांचा. आणि आमची गाडी म्हणजे तमाम देशी मंडळींची लाडकी सिएना. तिला ३५०० पौंड ओढायची मुभा. रिकाम्या ट्रेलरमध्येच ३००० संपले तर पाणी, गॅस, भांडी, पांघरुणं कुठे बसवायची? किमतीबद्दल तर बोलायलाच नको.

इथे एक सांगून ठेवते. विक्रेते तुम्हाला 'गाडी किती ओढते' एवढाच आकडा ऐकवतात. तेवढ्यावर जाऊ नये. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या हुकावर पडायला हवा. त्यापेक्षा कमी पडला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. आणि हा भार गाडीतल्या सामानातच मोजायचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. त्यातून आपली दोघांची वजनं (खरी!) आणि हुकावरचा भार वजा करा. उरेल तेवढंच सामान गाडीत. हा हिशोब केल्यावर आमची यादी आपोआप आखूड झाली.

शेवटी ठरला तो स्कँप. मिनेसोटातल्या बॅकस या छोट्या गावात बनतो. फायबरग्लासचे दोन अर्धे भाग, अंड्याच्या कवचासारखे, मधोमध जोडलेले. छताला सांधे कमी, म्हणून गळायच्या जागाही कमी. या अंड्यांची कुळकथा मजेशीर आहे. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या रे ओलेको यांनी 'बोलर' नावाचा असा पहिला हलका ट्रेलर काढला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती! मावशीचा प्रश्न म्हणजे अगदीच अस्थानी नव्हता तर.

१३ फुटी स्कँप रिकामा असताना साधारण १२०० ते १५०० पौंड भरतो. तेरा फूट म्हणजे पुढच्या दांडीसकट बरं का, आतली जागा दहा फुटांच्या आसपास. आम्ही वापरलेला घेतला, पण बघायला जाताना टॉर्च, जुनी सतरंजी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. सतरंजी खाली आडवं होण्यासाठी. ट्रेलरची जमीन प्लायवुडची असते, ती कुजली तर सगळंच मुसळ केरात. नवऱ्याने खालून टोचून बघितली, मी आतून कोपरे चाचपले. खिडक्यांखाली ओल आहे का, सांगाड्याला गंज किती, हेही बघितलं. टायरची तारीख बघायला विसरू नका. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, पाच-सहा वर्षांनी नवे दिसले तरी बदलावेत. (आमच्याबद्दलही डॉक्टर साधारण हेच म्हणतात.)

आता मावशीचा प्रश्न. काही स्कँपमध्ये छोटी न्हाणी असते, आमच्यात नाही. रात्री दोनदा उठावं लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण न्हाणी घेतली की मैल्याची टाकी आली, ती रिकामी करायचा जाड पाइप आला, आणि दहा फुटांतली मोलाची जागा गेली. म्हणून पोर्टा पॉटी. तीही पाच गॅलनची नाही, अडीच गॅलनची. भरलेली पाच गॅलनची टाकी चाळीस पौंडांच्या वर जाते, ती मला एकटीला उचलून न्यायला जमणार नाही. अडीचची जमते. रोज रिकामी करावी लागते, तर करायची.

पाण्याचंही तसंच. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड. आमची टाकी १२ गॅलनची, म्हणजे शंभर पौंड नुसतं पाणीच. म्हणून निघताना थोडंच भरायचं आणि पोचल्यावर नळावरून आणायचं, अडीच गॅलनच्या दोन कॅनमधून. दोन्ही हातांत सारखं वजन, कंबरही तक्रार करत नाही. बॅटरी लिथियमची घेतली. १०० अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची बॅटरी साठ पौंडांच्या आसपास, ही त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय जुनीची अर्धीच ताकद वापरायची असते, हिची जवळजवळ सगळी. महाग पडली, पण काढघाल करताना तिसरा माणूस बोलवावा लागत नाही.

स्वयंपाकघर हा माझा विषय! इंडक्शन शेगडी नेली नाही. ती १८०० वॅट खाते, बारा व्होल्टच्या बॅटरीवर तिचा निभाव लागत नाही. बाहेर टेबलावर दोन बर्नरची गॅसची शेगडी. फोडणी बाहेरच, नाहीतर हिंगाचा वास गादीत जाऊन बसतो, आणि एवढ्याशा जागेत वाफ धरून भिंतींना घाम फुटतो तो वेगळाच. तीन लिटरचा कुकर मात्र हवाच. यलोस्टोनचं पठार सुमारे ८००० फूट उंचीवर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसलात तर अंधार पडेल. फक्त शांततेची वेळ सुरू व्हायच्या आत शिट्ट्या उरकायच्या. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या तंबूतले गृहस्थ विचारायला आले, काही मदत हवी आहे का! त्यांना वरण-भात दिला. आणि जेवण झालं की खरकटं, तेलाची बाटली, रिकामी पातेलीसुद्धा आत. अस्वलाला भांडी घासलेली आहेत की नाहीत हे कळत नाही, वास कळतो.

सुरक्षेच्या वस्तूंत काटकसर केली नाही. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म. गॅसचा जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. आग विझवायचं नळकांडं दाराशी.

आणि पास. बासष्ट वर्षांवरच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो, बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये भाडंही निम्मं होतं. गाडीतल्या एकाकडे असला तरी पुरतो. पण पासवाला माणूस स्वतः हजर हवा. म्हणून आम्ही दोघांनी वेगवेगळे काढले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एक पुरेल की. नवराच म्हणाला, नाही, दोन द्या.

चालवायला मी शिकले ते देवळाच्या पार्किंगमध्ये, मधल्या वारी, सगळं मोकळं असताना. छोटा ट्रेलर मागे घेणं मोठ्यापेक्षा कठीण, तो पटकन वळतो. युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवायचा. तीन सकाळी लागल्या. चौथ्या दिवशी गुरुजींनी बाहेर येऊन चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. तिकडे नवरा खिचडी, कांदेपोहे आणि पिठलं शिकला. पिठल्यात अजून गुठळ्या होतात, पण उपाशी राहणार नाही.

मग गेल्या सप्टेंबरात मी एकटी हॉकिंग हिल्सला गेले, एका रात्रीसाठी. घरापासून तासाभराच्या अंतरावर. आधी डावी-उजवी बाजू सपाट केली, चाकांना अडण्या लावल्या, मग गाडी सोडवली, मग पुढचा जॅक फिरवून तोल साधला. सगळं यादीप्रमाणे. चहा केला. काळोख पडल्यावर आतला दिवा लावून बसले, आणि समोरच्या बाकावर कोणी नव्हतं. हे असंच असणार आहे एक दिवस, दोघांपैकी कोणाला तरी. थोडं रडू आलं. मग भूक लागली. सकाळी धुकं होतं, सुतारपक्षी कुठेतरी टकटक करत होता, आणि मी दुसरा चहा टाकला. घरी आले तर नवऱ्याने काही विचारलं नाही, फक्त ट्रेलरभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "कुठे खरचटलं नाही." पंधरा दिवसांनी तोही एक रात्र जाऊन आला. त्याला कसं वाटलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कुकर मात्र घासून आणला होता.

आता मे महिन्यात दोघं मिळून पश्चिमेला निघतोय. एक दिवस तो जोडणार आणि मी रांधणार, दुसऱ्या दिवशी उलट. लोणच्याची बरणी प्रवासात न सांडण्याचा खात्रीशीर उपाय कोणाकडे असेल तर निघायच्या आत जरूर कळवा.