नुसती यात्रा पुरत नाही

जाफराबाद

चि. बाळ,


फोनवर म्हणालीस, "मामा, तुमच्याकडे सैलानीला सगळेच जातात, मग भांडण कसलं?" भोवती माणसं होती, नीट बोलता आलं नाही.

होळीला सैलानीबाबांची यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, संदलला हिंदू-मुसलमान एकत्र उभे राहतात, हे खरंच. पण तिथं जो तो आपापलं दुखणं घेऊन जातो. नवस फेडून आलेला माणूस शेजाऱ्याशी कसा वागेल, ते दर्ग्यावर ठरत नाही. आपलं गाव केळना-धामणेच्या संगमावरचं, जाफरखानाच्या नावाचं. औरंगजेबाच्या काळातली मशीद आणि देवळं इथं शेजारी शेजारी. अशी शेजाराची गावं मराठवाडाभर होती. तरी रझाकारांनी लोकांना छळलं, आणि सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेल्यावर किती निरपराध मुसलमान मारले गेले, ते सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला नि दलित वस्त्या पेटल्या. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. तिथं मशीद-देवळाचा प्रश्नच नव्हता, एकाच शिवारात राबणारी माणसं होती.

मिरचीचा हंगाम आठव. वावर पाटलाचं, तोडणाऱ्या बाया बौद्धवाड्यातल्या, आडत मारवाड्याची, गाडी मुसलमान पोराची. एक जण हटला तरी माल सडतो. गरजेनं माणसं बांधलेली असतात. पण मजुरी, उधारी, पाणी एकाच्याच हातात असलं की दुसऱ्यानं मान वर केलेली खपत नाही. 1978 मध्ये तेच झालं. म्हणून मला गोडव्यापेक्षा बरोबरीची काळजी जास्त वाटते. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी आंतरवाली सराटीचं उपोषण झालं, तेव्हापासून मराठा-ओबीसींमध्ये आलेला ताण तू वाचतेसच. आडनाव बघून दुकान निवडायची भाषा ऐकली की पोटात गोळा येतो.

घरापर्यंत आलीय ती भाषा. ताईच्या लग्नाचा चुडा "आपल्यातल्याकडून" भरावा, असं एका पाहुण्यानं सुचवलं. तुझी मामी तिथल्या तिथं नाही म्हणाली. आपल्याकडे बांगड्या भरतात त्या मुसलमान चाची; तुझ्या आईचा चुडाही त्यांनीच भरला होता, हात साबणाच्या पाण्यात भिजवून, अंगठ्याचं हाड दाबून, एकही बांगडी न फोडता. मी त्यांना सांगून आलोय. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या येतील. तू त्याआधी पोच.

तुझा,
मामा