शेवटचा हात

मी एका महापालिकेच्या तरण तलावावर 29 वर्षे जीवरक्षक म्हणून नोकरी केली आणि 2011 साली निवृत्त झालो. पोहायला मात्र मी तलावात शिकलो नाही. आमच्या वस्तीची पोरे गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या डोहात शिकली. पाठीला पांगाऱ्याचे वाळलेले लाकूड बांधायचे आणि थोरल्या चुलतभावाने ढकलून द्यायचे, एवढेच आमचे प्रशिक्षण. पुढे नोकरीत असताना तलावावर शाळांच्या स्पर्धा होत. वेळ टिपायला माणूस कमी पडला की साहेब माझ्या हाती स्टॉपवॉच देत आणि लेनच्या टोकाला उभे करीत. त्यामुळे भिंतीला लागणारा हात आणि चौथऱ्यावरून सुटणारा पाय हे दोन्ही एका नजरेत धरण्याची डोळ्यांना सवय झाली.

माझी लेक न्यू जर्सी राज्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. जावई एका मोठ्या गोदामात पाळीने काम करतात. नातू तिथल्या एका ‘प्रेप स्कूल’मध्ये शिकतो. प्रेप म्हणजे तयारी. इंग्लंडात हा शब्द लहान मुलांच्या शाळेला लावतात, अमेरिकेत मात्र मोठ्या कॉलेजात जाण्याची तयारी करून घेणाऱ्या खाजगी हायस्कुलाला. या शाळा श्रीमंतांच्या म्हणूनच ओळखल्या जातात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची वर्षाची फी अनेक शाळांत 60 हजार डॉलरच्या वर गेली आहे. आमचा नातू घरून जाऊन-येऊन शिकतो आणि आईबापांची मिळकत पाहून शाळेने फीमध्ये मोठी सवलत दिली आहे, म्हणून तो तिथे आहे. लेकीने अर्ज भरताना आपल्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या, हे ती लपवीत नाही. मलाही त्यात लपवण्यासारखे काही दिसत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे होतो. खाजगी शाळांची मोठी जलतरण स्पर्धा पेनसिल्व्हेनिया राज्यात एका कॉलेजच्या तलावावर होती. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत इतका उकाडा की माझ्या चष्म्यावर वाफ बसली. क्लोरीनचा वास आला आणि मला नोकरीवर आल्यासारखे वाटले! तलाव 25 यार्डांचा, म्हणजे जवळपास 23 मीटर. पाणी मात्र असे नितळ की तळाच्या काळ्या पट्ट्या वरून मोजाव्यात. आमच्याकडे तुरटी आणि ब्लिचिंग पावडर घालून घालून हात सोलून निघत, तरी एवढे नितळ पाणी मी क्वचितच पाहिले.

आता रिलेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे रिले म्हटले की मैदानावरची बॅटन डोळ्यांसमोर येते. पाण्यात बॅटन नसते. आत पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागला की वर उभ्या असलेल्याने उडी घ्यायची. तो हात लागण्यापूर्वी वरच्याचा पाय चौथऱ्यावरून सुटला, तर चौघेही बाद. अमेरिकेतील हायस्कूलच्या स्पर्धेत अशा तीन रिले असतात. पहिली 200 यार्डांची मिश्र रिले. तिच्यात क्रम ठरलेला असतो : पाठीवरचे पोहणे, मग ब्रेस्टस्ट्रोक, मग बटरफ्लाय, शेवटी फ्रीस्टाइल. पाठीवर पोहणारा पाण्यातूनच सुरुवात करतो. तो मध्ये आला तर पुढच्याच्या हाताखाली अडकेल, म्हणून त्याला आधी सोडतात. दुसरी 200 यार्डांची फ्रीस्टाइल रिले आणि तिसरी, स्पर्धेतील अगदी शेवटची शर्यत, 400 यार्डांची.

यात मला सर्वांत आवडलेला नियम वेगळाच आहे. एका मुलाला जास्तीत जास्त चार शर्यती पोहता येतात आणि त्यांपैकी वैयक्तिक दोनच. तीन रिले म्हणजे बारा जागा. शाळेत एखादा कितीही मोठा पोहणारा असला तरी त्याला सगळीकडे घुसवता येत नाही. त्यातच रिलेचे गुण वैयक्तिक शर्यतीच्या दुप्पट. त्यामुळे प्रशिक्षकाला सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या मुलालाही जपावे लागते, त्याचे अर्धे सेकंद कसे कमी होईल याची काळजी वाहावी लागते. आमचा नातू अशांपैकीच. वैयक्तिक शर्यतीत त्याचे नाव शेवटच्या आठांत कधी आले नाही. पण दोन्ही फ्रीस्टाइल रिलेत तो तिसरा पोहतो आणि त्याच्यानंतर, चौथा, शाळेतील सर्वांत वेगवान मुलगा. तो बारावीचा, त्याची ही अखेरची स्पर्धा.

याच न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात सेंट बेनेडिक्ट्स नावाची प्रेप स्कूल आहे. कलन जोन्स हा कृष्णवर्णीय मुलगा तिथे शिकला आणि पोहला. पाच वर्षांचा असताना पेनसिल्व्हेनियातील एका जलक्रीडा उद्यानात तो बुडता बुडता वाचला होता. म्हणून आईने त्याला पोहण्याच्या शिकवणीला घातले. 11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंग ऑलिंपिकच्या चार गुणिले शंभर मीटर रिलेत तो अमेरिकेचा तिसरा पोहणारा होता. फेल्प्स आणि वेबर-गेल यांनी मिळवून दिलेली आघाडी जोन्सच्या फेरीत गेली. फ्रान्स पुढे निघाले. जोन्सने 47.65 सेकंद घेतले, काही कमी केले नाही, पण समोरचा त्याहून वेगवान होता. मग शेवटचा जेसन लेझॅक 46.06 सेकंदांत पोहला आणि अमेरिकेने अवघ्या 0.08 सेकंदाने शर्यत जिंकली. आजही सारे लेझॅकचे नाव घेतात. मी तो हिशेब कागदावर मांडून पाहिला आहे. जोन्सने एक दशांश सेकंद जास्त घेतला असता, तर लेझॅकची ती करामत रौप्यपदकावर संपली असती.

जोन्सच्या गळ्यात ते पदक पडले याला अमेरिकेत इतके महत्त्व का, हे आपल्या वाचकांना चटकन कळेल. तिथे कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांत कित्येक वर्षे उतरू दिले जात नव्हते. 1964 साली फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन गावी गोरे-काळे मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात ॲसिड ओतले. त्याची छायाचित्रे आहेत. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने तर सर्वांना तलाव खुला करण्याऐवजी तलावच बंद करून टाकले आणि 1971 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले. महाडचे 1927 साल ज्यांच्या घरात दरवर्षी आठवले जाते, त्यांना यापुढे मी काय सांगावे? एवढेच म्हणतो की ज्यांच्या आजोबांना पाण्यात पाय घालू दिला नाही, त्यांच्या घरी पोहणे शिकवणार कोण? आजही तिथे कृष्णवर्णीय मुले बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. जीवरक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही.

असो. आता त्या संध्याकाळकडे येतो.

अंतिम फेरीतील 200 यार्डांची रिले सुरू झाली. पहिल्या दोघांनी पाचव्या जागेवर ठेवले. नातू उतरला, दोन फेऱ्या पोहून परत येऊ लागला. चौथ्या मुलाने चौथऱ्यावर वाकून हात मागून पुढे फिरवले. हीच खरी करामत असते. हात लागेपर्यंत पुतळ्यासारखे थांबायचे नाही. अंग आधीच पुढे झोकायचे, फक्त पायाची बोटे चौथऱ्याच्या कडेला राहिली पाहिजेत. आत येणाऱ्याचा हात लागला आणि बोटे सुटली, हे एका क्षणात जमले तर अर्धे सेकंद वाचते. त्यामुळेच पहिल्या पोहणाऱ्याखेरीज बाकीच्या तिघांची वेळ वैयक्तिक विक्रमासाठी धरीत नाहीत.

मी नेहमीप्रमाणे तिथेच नजर लावून बसलो होतो. पाय आधी सुटला. हात नंतर लागला.

लेक टाळ्या वाजवीत होती. मुलगा वाऱ्यासारखा गेला, दोघांना मागे टाकले, तिसरा क्रमांक! मुले एकमेकांना मिठ्या मारीत होती. मी गप्प. तिथे प्रत्येक बदलीवर दोन पंच असतात. त्यांनी हात वर करायचा नाही, आपापल्या कागदावर वेगवेगळे टिपायचे आणि दोन्ही कागद जुळले तरच संघ बाद करायचा. ही पद्धत मला फार पसंत पडली. एकट्याच्या डोळ्यावर चार मुलांचे नशीब टांगलेले नसते. पण त्या दिवशी दोन्ही कागद जुळले. फळ्यावरचा 3 हा आकडा गेला आणि तिथे ‘डीक्यू’ ही अक्षरे आली. बाद.

तो मोठा मुलगा डोक्यावर टॉवेल घेऊन भिंतीशी बसला. निकालपत्रकावर बाद होण्याचे कारण म्हणून चौथ्या पोहणाऱ्याचा उल्लेख असतो. म्हणजे सगळ्यांच्या नजरेत चूक त्याची. एका मुलाचे वडील आमच्या मागच्या बाकावर बसून मोठ्याने तसे बोललेही. आता शेवटची 400 ची रिले उरली होती आणि मध्ये पाठीवरच्या व ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यती. जेमतेम अर्धा तास. मी पाहिले की नातू उठला, त्या मुलाशेजारी जाऊन बसला आणि काहीतरी बोलला. मग दोघे उठून प्रशिक्षकाकडे गेले. प्रशिक्षक मान डोलावीत ऐकत होते. ते काय बोलले हे आम्हांला परतीच्या गाडीत कळले.

नातू म्हणाला, “आजोबा, पाय त्याचा सुटला, पण मी शेवटचा हात मारलाच नाही. भिंत जवळ आली असे वाटले आणि नुसता सरकत गेलो. तो माझे हात मोजून उडी घेतो. त्याला वाटले अजून एक हात येणार आणि लागणार. मी त्याला ते सांगितले, सरांनाही सांगितले.”

वाचकहो, पंचांचा निर्णय बरोबरच होता. नियम पाय बघतो, आणि तेच योग्य, नाहीतर रोज भांडणे होतील. पण तीस वर्षे पाण्याकाठी काढलेला माणूस म्हणून सांगतो, पोराने सांगितले तेही बरोबर होते. आत येणारा शेवटचे दोन यार्ड अंग ताणून सरकत आला, की वर वाकलेल्याचा सगळा हिशेब बिघडतो. तो एकदा झेपावला की मागे येता येत नाही. कागदावर एकाचे नाव लागते, बाकीचे सुटतात. नातू गप्प बसला असता तर कोणालाही कळले नसते. मला वरून पाय दिसला होता, हाताची ही गोष्ट दिसली नव्हती.

प्रशिक्षकांनी क्रम बदलला नाही. तिसरा नातू, चौथा तोच. सवलतीच्या फीवर शिकणाऱ्या मुलाच्या शब्दाला त्या प्रशिक्षकाने मोल दिले, हेही मला नोंदवावेसे वाटते. 400 यार्डांत प्रत्येकाला चार फेऱ्या. नातवाची शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तो दमलेला दिसत होता, खांदे जड झाले होते. बारावीचा मुलगा चौथऱ्यावर उभा, बोटे कडेला घट्ट. या वेळी नातवाने भिंतीपर्यंत हात मारले आणि शेवटचा हात असा लावला की माझ्या बाकावर आवाज आल्यासारखा वाटला. वरचा मुलगा जरा जास्तच थांबला. निकालपत्रकात त्यांच्या बदलीची वेळ 0.31 सेकंद आली. धीट जोडी त्याच्या निम्म्यात उडी घेते. पण अर्ध्या तासापूर्वी बाद झालेल्या मुलाने थांबावे, यात मला काही वावगे वाटले नाही.

सातवा क्रमांक आला. शर्यत संपल्यावर एक मुलगा आनंदाने पाण्यात उडी टाकणार, तोच दुसऱ्याने त्याचा दंड धरला. बाकीच्या लेनमधले पोहणारे अजून यायचे होते. सर्व संघ पोचण्यापूर्वी कोणी पाण्यात उतरले तरी संघ बाद होतो. 2001 साली फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी 800 मीटर रिले जिंकली होती. त्या आनंदाने पाण्यात उतरल्या आणि सुवर्णपदक घालवून बसल्या. मी हे लेकीला सांगू लागलो, तर ती म्हणाली, “आप्पा, आधी चला, माझी सकाळची पाळी आहे.”

पुढच्या रविवारी नातवाने मला त्यांच्या गावच्या तलावावर नेले. तिथे एक लेन रिकामी होती. मी काठावरच्या बाकावर बसलो आणि त्याला सांगितले, पोहू नकोस, फक्त शेवटचे पाच यार्ड ये आणि भिंतीला हात लाव. असे वीस वेळा. अकरा वेळा त्याने नीट हात लावला. बाराव्या वेळी पुन्हा सरकत आला. मी चप्पल काढून फरशीवर आपटली. तो पाण्यातून डोके वर काढून हसला आणि मागे फिरला.